एका मापाने मोठा चार्जर

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची कधी आलीच नाही. बाबा शिंपी आहेत. पन्नास वर्षं लोकांच्या पँटी शिवून त्यांचं माणसाबद्दल एकच मत झालंय: माणूस फुगतो आणि कापड आटतं, तेव्हा आधीच जास्त धरून चालावं. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. इतर शिंपी इंचभर सोडतात, बाबा दोन इंच. गिऱ्हाईक आधी कुरकुर करतं आणि चार वर्षांनी पोट पुढे घालून तीच पँट सैल करायला आणतं. त्या वेळी बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो आम्हा भावंडांच्या जन्माच्या वेळी होता की नाही, याबद्दल आईला शंका आहे.

धंद्यापुरतं हे ठीक. पण बाबांनी हाच कायदा घरभर लागू केला. शाळेत असताना माझे बूट नेहमी एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. कुकर एवढा मोठा की त्यात वसतिगृहाचं जेवण होईल. कपाट घरात आलं तेव्हा खोलीचं दार पूर्ण उघडेना, तर बाबांनी कपाट परत न करता दाराची कड तासून घेतली. धाकटा भाऊ बँकेत आहे, त्याला घरात साहेब म्हणतात. साहेबांचा लग्नातला कोट त्यांना अजून बसायचा आहे. साहेब प्रयत्नात आहेत.

मी थोरली. वय चव्वेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, दुकानात कटिंग माझ्याकडे. बाबा मला कात्री म्हणतात, हातात असते म्हणून आणि तोंडात असते म्हणूनही. मी कापते, बाबा शिवतात आणि सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत आम्ही भांडतो. खिसा किती खोल, काज किती मोठं, पंखा किती वर. नवीन गिऱ्हाईक घाबरतं. जुनं गिऱ्हाईक स्टुलावर बसून बाजू घेतं.

आता गाडी. लहान, चार दारांची, रंग एकेकाळी निळा असावा. घरापासून दुकान गाडीने आठ मिनिटं, पायी पंधरा. पण गाडीतून उतरणारा शिंपी आणि घाम पुसत येणारा शिंपी यांच्या शिलाईत लोकांना फरक दिसतो, असं बाबांचं म्हणणं. मागच्या सीटवर गणवेशांचे गठ्ठे, पुढे आम्ही दोघं, आणि आठ मिनिटंही भांडण. मला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. माझा जीव दोन पायांवर समाधानी आहे.

त्या वर्षी थंडी पडली तशी गाडी सकाळी रुसायला लागली. किल्ली फिरवली की आधी कर्र, मग क्, मग काहीच नाही. महिन्याभरात चार वेळा असं झालं. चारही वेळा समोरचा लॉन्ड्रीवाला, मी आणि शेजारचे निवृत्त मास्तर अशा तिघांनी ढकलली. चौथ्या वेळी निवृत्त मास्तरांच्या पायजम्याची नाडी भर रस्त्यात सुटली आणि त्यांना एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने अब्रू सावरावी लागली. आईने हे खिडकीतून पाहिलं. ती त्याच पावली खाली आली.

"बस झालं," आई म्हणाली. "यापुढे एकदा जरी बंद पडली, तर विकायची. लॉन्ड्रीवाले तीन वर्षं मागतायत, त्यांना देऊन टाकायची."

"बंद पडणारच नाही," बाबा म्हणाले.

"पडली तर?"

"तर दिली. जा."

साक्षीला लॉन्ड्रीवाला होताच. तो गाडीकडे अशा नजरेने बघत होता की मला गाडीवर पदर घालावासा वाटला.

दुपारी मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, दोन ठिकाणी तारा लावून बघितल्या आणि हात पुसत म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. सकाळी चालू होताना बॅटरी जेवढं देते, तेवढं आठ मिनिटांत परत भरत नाही. रोज थोडी थोडी उपाशी राहते. एक तर आठवड्यातून एकदा लांब फिरवून आणा, नाहीतर घरी चार्जर ठेवा. रविवारी लावायचा, सोमवारी निघायचं."

"लांब फिरवायला वेळ कुणाला आहे," बाबा घाईने म्हणाले. "चार्जर घेऊ."

एके काळी हाच माणूस बटणं आणायला शेजारच्या शहरात जायचा आणि येताना मुद्दाम वाकड्या वाटेने यायचा. पण त्या वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मिस्त्रीने निघताना मला बाजूला घेतलं. "बॅटरीवर आकडा असतो तो लिहून न्या," म्हणाला. "मास्तरांना एकट्यांना पाठवू नका. ते रेल्वेचं इंजिन चालू होईल असं काहीतरी घेऊन येतील." तो आमचं जुनं गिऱ्हाईक आहे, आणि सगळ्या गिऱ्हाइकांसारखा बाबांना मास्तर म्हणतो.

मी बॅटरीवरचा आकडा कटिंगच्या कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतला. बारा व्होल्ट, पस्तीस. शनिवारी दुपारी दुकान बंद करून आम्ही चालत बॅटरीवाल्याकडे गेलो.

दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छतापर्यंत बॅटऱ्या, आणि नाकात झोंबणारा आंबट वास. बॅटरीवाला काउंटरमागे उभा. त्याच्या शर्टाला पोटापासून गळ्यापर्यंत बारीक बारीक भोकं पडलेली, ॲसिड उडून. गाळणी घालून बसल्यासारखा दिसत होता बिचारा. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. रस्त्यात अनोळखी माणसाच्या पँटीची टीप उसवलेली दिसली तरी हे त्याला थांबवून सांगतात. आता या शर्टावर किमान दहा मिनिटं जाणार, असं धरून मी स्टुलावर बसले.

बाबा शर्टाबद्दल काहीच बोलले नाहीत.

"चार्जर दाखवा," म्हणाले. "चांगला."

बॅटरीवाल्याने माझ्या हातातला कागद घेतला. माणूस सरळ होता आणि समजावून सांगायची हौस असलेला होता. "सोपं आहे," तो म्हणाला. "तुमची बॅटरी बाराची, म्हणजे चार्जर बाराचा. हा झाला पहिला मुद्दा. दुसरा, बॅटरी पस्तीसची आहे. त्याच्या साधारण दहावा भाग चार्जरचा जोर हवा. म्हणजे साडेतीन, चार अँपिअर. हळूहळू भरते, पण नीट भरते. आणि तिसरं म्हणजे तो स्वतःहून थांबणारा हवा. भरली की आपोआप बंद. मग विसरलात तरी बिघडत नाही." त्याने फळीवरून एक खोकं काढून काउंटरवर ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं. "हा. डोळे मिटून घ्या."

"चार?" बाबा म्हणाले. "फक्त चार?"

"चार पुरतात."

"जरा वरचा नाही का? पुढे मोठी गाडी घेतली तर?"

बाबांचं वय चौऱ्याहत्तर. पुढे मोठी गाडी.

"तो कोपऱ्यातला काय आहे?" बाबांनी विचारलं. कोपऱ्यात एक लाल धूड उभं होतं, चाकं आणि दांडा असलेलं, वर मनगटाएवढं फिरवायचं बटण. एवढं लाल आणि एवढं मोठं होतं की ते कुणालाही दिसलं असतं.

"तो तीसचा. ट्रकच्या गॅरेजवाले नेतात. बारालाही चालतो, पण तो स्वतः थांबत नाही. काट्याकडे बघत बसावं लागतं. तुमच्या बॅटरीला लावून विसरलात तर शिजवेल तिला."

तेवढ्यात बाहेर एक टेम्पो थांबला आणि बॅटरीवाला तिकडे गेला. बाबांनी लहान खोकं उचललं. नाकाजवळ धरलं, मग लांब धरलं, मग मान जरा वाकडी करून कडेने बघितलं. मग गंभीर आवाजात म्हणाले, "हे बघ. इथे स्वच्छ लिहिलंय. स्कूटरसाठी."

खोक्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, कारसाठी. आणि बाबांनी खोकं उलटं धरलं होतं. चित्रातली गाडी चाकं वर करून पडली होती.

मी आधी हसणार होते. हसू तोंडाशी आलं आणि तिथेच थिजलं. बॅटरीवाल्याचा शर्ट आठवला. गेले कित्येक महिने काज करायचे असले की बाबा ते "तुझा हात हलका आहे" म्हणून माझ्याकडे सरकवतात, ते आठवलं. आणि मग आमचा रस्ता आठवला. दुसऱ्या वळणावर बालवाडी आहे. सकाळी आम्ही जातो त्याच वेळी ती भरते. पोरं आईचा हात सोडून फाटकाकडे धावतात आणि मी रोज बाबांच्या शेजारी बसून खिशाच्या खोलीबद्दल वाद घालत असते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा, तुम्हाला दिसत नाहीये, एवढंच. पाच शब्दसुद्धा होत नाहीत. पण माझ्या डोक्यात भलतंच गणित सुरू झालं. हा लहान चार्जर घेतला तर गाडी रोज चालू होईल. गाडी चालू झाली तर बाबा ती चालवतील. आणि तो लाल घेतला तर एकदाच बंद पडेल आणि आई पुढचं बघून घेईल. कुणाला काही बोलायची गरजच नाही.

"तुम्हाला जो बरा वाटतो तो घ्या," मी म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्यापुढे जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. त्यांना खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. पण माणूस जिंकला की बावळट होतो. ते खूश झाले.

बॅटरीवाला परत आला. त्याने लाल धुडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, मी आत्ताच सांगितलं ना?"

"कळलंय मला," मी म्हणाले. "तोच द्या."

रविवारी सकाळी घराच्या बाजूला सावलीत उद्घाटन झालं. बाबांनी बॉनेट उघडलं, बॅटरीचे दोन खांब बोटांनी चाचपले. अधिकचा खांब किंचित जाड असतो, तो त्यांनी हातानेच ओळखला आणि लाल चिमटा बरोबर त्याला लावला, काळा दुसऱ्याला. आदल्या दिवसापर्यंत मी याला सफाई म्हटलं असतं. मग त्यांनी ते मनगटाएवढं बटण धरलं आणि जेवढं फिरतं तेवढं उजवीकडे फिरवलं.

"काटा बघत बसा म्हणाला होता तो," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"बसलोय की," बाबा म्हणाले आणि खुर्ची टाकून काट्यासमोर बसले. दिवसभर बसले. काटा काय सांगत होता ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं, पण बसले. जेवायलाही तिथेच थांबले. आई मधे दोनदा म्हणाली की पुरे, तर म्हणाले, "जरा जास्त भरलेली बरी."

साडेतीनच्या सुमारास घरात सडक्या अंड्यांचा वास आला. आईने आधी गटाराला शिव्या दिल्या, मग साहेबांना, ते सुट्टीला आले होते आणि नुकतेच न्हाणीघरातून बाहेर पडले होते म्हणून. मला मात्र कळलं. मी धावले. बॅटरीची चारही अंगं उशीसारखी फुगली होती, वरच्या भोकांतून फसफस येत होती आणि बाबा तिच्यावर वाकून, कान जवळ नेऊन उभे होते.

"आवाज येतोय बघ," ते कौतुकाने म्हणाले. "भरतेय."

मी भिंतीतली पिन उपटली आणि त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. साहेबांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं, गाडी उघडी ठेवली आणि तासाभराने जवळ जाऊन बघितलं. "ठिणगी पडली असती तर फुटली असती," तो म्हणाला. "आणि आत ॲसिड असतं. तुम्ही वाकला होतात ना, मास्तर? सगळं तोंडावर." बॅटरी जाईल हे मला माहीत होतं. ती फुटू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलंही नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी किल्ली फिरवली. 'क्'सुद्धा झालं नाही.

"ठरलं होतं," आई म्हणाली.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. बाबांनी किल्ली काढली, खिशात ठेवली, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर माझं कोपर धरलं. "गर्दी आहे," म्हणाले. रस्त्यावर एक कुत्रं होतं.

आणि त्यानंतर बाबांनी भांडण सोडलं. मी म्हणाले खिसा सहा इंच, ते म्हणाले बरं. मी म्हणाले पंखा बंद करू, ते म्हणाले कर. बुधवारी मी मुद्दाम एका पँटीला अर्धा इंचच माया ठेवून कापली, त्यांच्या हाताला ती लागली, आणि ते काही न बोलता शिवत राहिले. एक जुनं गिऱ्हाईक वादात बाजू घ्यायला म्हणून स्टुलावर येऊन बसलं आणि पाऊण तासाने हिरमुसून निघून गेलं. मला स्वतःचा राग येत होता. मी स्वतःला सांगत होते की बालवाडीची पोरं सुखरूप आहेत, बाबा सुखरूप आहेत, मी बरोबरच केलं. दर तासाला सांगावं लागत होतं.

पुढच्या रविवारी लॉन्ड्रीवाला आला. ढकलगाडीवर नवी बॅटरी आणि बगलेत खोकं. येताना चांगले कपडे घालायचे कष्ट त्याने घेतले नव्हते, बॅटरी उचलायची म्हणून बनियनवरच आला होता. बाबा गाडीपाशी उभे होते, मी त्यांच्या मागे. आई वर खिडकीत.

"मास्तर, बॅटरी नवीच टाकतो," तो म्हणाला. "आणि तुमच्यासारखं व्हायला नको म्हणून चार्जरही घेऊन आलो." त्याने खोकं बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी ते तळहातावर तोललं. "एवढासा?"

"एवढाच लागतो म्हणे. तो बॅटरीवाला तर कपाळावर हात मारून घेत होता. म्हणाला, मास्तरांच्या मुलीला मी सगळं समजावून सांगितलं, आकडा तिनेच लिहून आणला होता, तिला पक्कं कळलं होतं, तरी म्हणाली ट्रकचाच द्या."

या माणसाला पांढऱ्या चादरीवरचा चहाचा थेंब शंभर पावलांवरून दिसतो. समोरच्या बाईचा उतरलेला चेहरा दिसत नाही.

बाबा वळले. "कात्री. तुला माहीत होतं?"

"हो."

"की मोठा लावला तर बॅटरी जाईल?"

"हो."

"आणि मी तिच्यावर वाकून उभा होतो."

"ती फुटते हे माहीत नव्हतं, बाबा. शपथ. ते माहीत असतं तर मी..."

"तर काय?"

"तर दुसरं काहीतरी केलं असतं."

निदान एवढं तरी खरं बोलले.

"पण का?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

"कारण गाडी चालू राहिली असती तर तुम्ही ती चालवली असती. तुम्हाला दिसत नाही, बाबा. त्या दिवशी खोकं उलटं धरून वाचत होतात. स्कूटरसाठी म्हणे!"

"मला सगळं दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग सांगा, लॉन्ड्रीवाल्या काकांच्या शर्टाला किती बटणं आहेत?"

बाबांनी लॉन्ड्रीवाल्याकडे तोंड केलं आणि धंद्याच्या तुच्छतेने म्हणाले, "सात. कॉलरचं धरून. शर्टाला किती असतात हे तू मला शिकवणार?"

"ते बनियनवर आहेत."

लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही हात छातीवर घेतले. बाबा हात मागे नेऊन चाचपत गाडीच्या बंपरवर टेकले.

"दोन वर्षं झाली," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, डोळ्यातला पडदा मधोमध विरत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. मी विचारलं, रफू होतं का. म्हणाला, नाही होत."

"दोन वर्षं?" मी म्हणाले. "आणि दोन वर्षं गाडी कशी चालवलीत?"

"रस्ता पाठ आहे. चार वळणं, दोन खड्डे, एक गतिरोधक. बाकी कडेकडेने दिसतं."

"आणि बालवाडी?"

"तिथे हॉर्न वाजवतो."

"हॉर्न!" मी ओरडले. "तीन वर्षांची पोरं हॉर्न ऐकून बाजूला होतात? अक्कल गहाण टाकलीत का? मी रोज शेजारी बसत होते, माझ्या जिवाची तरी काही पर्वा? एखादं पोर खाली आलं असतं म्हणजे काय केलं असतंत, पाठ होतं म्हणून सांगितलं असतंत?"

"आत्ता ओरडतेस?" बाबा उठून उभे राहिले. आता त्यांचाही आवाज चढला. "आठ दिवस कुठे होता हा घसा? त्या दुकानात का नाही ओरडलीस?"

"ऐकलं असतंत?"

"नाही!"

"मग?"

"मग भांडलो असतो! चार दिवस भांडलो असतो, जेवण सोडलं असतं, तुला दुकानातून हाकलून दिलं असतं, तू गेली नसतीस, आणि मग कधीतरी दिली असती किल्ली काढून. तू मला हरवलं असतंस तर चाललं असतं, बाई. हरायची मला सवय आहे, तुझी आई आहे घरात. पण तू मला फसवलंस. म्हातारा झाला, आता याला समजवायचं नाही, गुंडाळायचं. एवढं ठरवून टाकलंस, आणि तेही एका चार्जरवर!"

मला लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांत या माणसाला मी हजार वेळा मूर्ख म्हटलं असेल, पण मूर्ख धरून कधी वागले नव्हते. त्या दुकानात पहिल्यांदा वागले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

आमच्या घरात हे दोन शब्द पाहुणे सोडून कुणी बोलत नाही. वर खिडकीत आईने गज धरले. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

"थांबा," मी म्हणाले. "चुकलं माझं, बाबा. पण गाडी तुम्ही चालवायची नाही. आज नाही, उद्या नाही, चार्जर लहान असो की मोठा, या अंगणातून समोरच्या लॉन्ड्रीपर्यंतसुद्धा नाही. मी तोंडावर सांगतेय. आता काय भांडायचं ते भांडा."

बाबा भांडले. माझ्या शाळेतल्या गणिताच्या मार्कांपासून सुरुवात केली. मी त्यांच्या कपाटापर्यंत आले, त्यासाठी तासलेल्या दारापर्यंत आले. ते माझ्या स्वभावावर गेले, मी त्यांच्या हट्टावर गेले, मग ते त्यांच्याच आईवर गेले, कारण माझा स्वभाव तिच्यावर गेलाय. निवृत्त मास्तर पायजम्याची नाडी नीट बांधून गॅलरीत येऊन उभे राहिले. लॉन्ड्रीवाला ढकलगाडीवर बसला. मधेच केव्हा तरी माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते न पुसता ओरडत राहिले, कारण एक हात मला बोट दाखवायला हवा होता आणि दुसरा बाबांनी धरून ठेवला होता.

"झालं असेल तर किल्ली द्या आणि जेवायला या," आई वरून म्हणाली.

बाबांना धाप लागली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली, अंगठ्याने एकदा तिचे दाते चाचपले आणि हात पुढे केला. लॉन्ड्रीवाल्याचा तळहात तिथे नव्हता. तो बाजूला होता, आणि बाबा सरळ रिकाम्या हवेत किल्ली धरून उभे होते. लॉन्ड्रीवाला भला माणूस. काही न बोलता तो आपला हात हळूच किल्लीखाली सरकवू लागला.

"तुम्ही हलू नका, काका," मी म्हणाले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, चार इंच उजवीकडे!"

"ओरडतेस कशाला," बाबा म्हणाले. "आंधळा झालोय, बहिरा नाही." आणि त्यांनी हात बरोबर चार इंच उजवीकडे नेला.